सत्ताविसावी घागर

नऊच्या नऊ पडद्यांवर एकच आकडा पळत होता, आणि तरीही घागर सहाव्या पडद्यावर उशिराच पोचत होती. धर्मराजने मोबाइलवर पुन्हा एकदा सगळ्या पडद्यांचा मिळून फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून पाहिला. प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात चार मिनिटं अकरा सेकंद, आणि त्यापुढचा बारीक आकडाही तोच. म्हणजे नऊ मशिनं एका तालात चालली होती. मग घागर पाचव्या बाईच्या हातून सुटून सहाव्या बाईच्या हातात जाईपर्यंत कुठं रेंगाळत होती, हे त्याला सकाळपासून उमगत नव्हतं, आणि आता दुपारचे दोन वाजले होते.

जागा म्हणजे सोसायटीचं खताचं गोडाऊन. वर पत्रा, बाहेर मे महिना. खत यायचं कमी होऊन दोन हंगाम झाले होते, तरी युरियाचा वास भिंतींनी सोडला नव्हता. दोन मोठे पंखे आणले होते, पण ते माणसांसाठी नव्हते, मशिनांसाठी होते. मशीन तापलं की बंद पडतं. माणूस तापला तरी काम करत राहतो, असा सगळ्यांचाच समज असतो. धर्मराज सकाळपासून तो समज खरा करत होता.

त्याचं चौसाळ्यात दुकान होतं. लग्नाचं शूटिंग करायचं आणि मांडवात मोठा पडदा लावायचा, हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. पण सलग दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, नाहीतर देवळात चार माणसांत उरकली. पडदे दिवाळीपासून गोणपाटात गुंडाळून पडले होते. त्यामुळे गहिनीनाथ सरांचं काम आलं तेव्हा त्याने ते धड ऐकूनही घेतलं नाही, हो म्हणून टाकलं.

गहिनीनाथ मूळचे घाटनांदूरचे, आता पुण्यात चित्रकलेच्या कॉलेजात शिकवायचे. धर्मराजच्या गावच्या सोसायटीला यंदा साठ वर्षं होत होती. चेअरमन राधाकिशनराव आणि गहिनीनाथ यांची कुठल्याशा समारंभात गाठ पडली, आणि चेअरमनसाहेब म्हणाले, आमच्या गावात बी कायतरी करा की. गहिनीनाथांनी जे सुचवलं ते साहेबांना पुरतं कळलं नाही, पण नऊ टीव्ही म्हटल्यावर आवडलं.

कल्पना तशी साधी होती. गावात टँकर येतो तो जुन्या बारवेत रिकामा होतो. बारवेला खोल पायऱ्या आहेत. बायका त्या पायऱ्यांवर ओळीनं उभ्या राहतात आणि भरलेली घागर खालून वर हातोहात चढवतात. नऊ पायऱ्यांवर नऊ बायका, प्रत्येकीसमोर एक कॅमेरा. तेच चित्र गोडाऊनमध्ये उभं करायचं. लोखंडी सांगाड्यावर नऊ टीव्ही चढत्या उंचीनं लावायचे, एकेका टीव्हीत एकेक बाई, आणि घागर पहिल्या टीव्हीतून निघून थेट नवव्यापर्यंत चढत जायची. मधे कुठं खंड पडायला नको. गावानं या सगळ्या खटाटोपाला ‘टीव्हीची उतरंड’ असं नाव ठेवलं होतं. मधल्या वेळात नऊही पडद्यांवर आपला फोटो लावता येईल का, असं राधाकिशनरावांनी दोनदा विचारून पाहिलं. गहिनीनाथांनी दोन्ही वेळा चहा मागवला.

आणि उद्या सकाळी दहाला कार्यक्रम होता.

“कावून थांबायली ती?” गहिनीनाथ सांगाड्यासमोर उकिडवे बसून म्हणाले. एरवी ते पुण्याचं बोलायचे. थकले की घाटनांदूर बाहेर यायचं. “धर्मराज, सगळ्या घागरी झरझर वर चालल्यात. पाचव्यावरनं निघाली की नाहीशी होते. हातभर अंतरात पाणी कुठं जातंय?”

“बघतो सर,” धर्मराज म्हणाला. हे तो नवव्यांदा म्हणत होता.

त्याने करायचं ते सगळं करून पाहिलं होतं. प्रत्येक टीव्हीमागे एक छोटा डबा होता, त्यात त्या-त्या बाईचं चित्र. पहिला डबा बाकीच्या आठांना वायरीतून इशारा देतो, आणि सगळे एकदम सुरू होतात. त्याला आधी वाटलं, सहावा डबा सुस्त आहे. त्याने सहावा काढून दुसऱ्याच्या जागी लावला. दुसरी बाई बिनचूक चालली, सहावी उशिराच. म्हणजे डब्याचा दोष नव्हता. मग त्याने सहाव्या बाईचं चित्र दोन सेकंद अलीकडं ओढलं. आता पाचवीकडून सहावीकडं घागर अचूक गेली, पण सातवीकडं जायला उशीर. सातवी, आठवी, नववी अशा तिघींनाही दोन सेकंद अलीकडं ओढलं. पहिली घागर सरळ वरपर्यंत चढली. गहिनीनाथांनी टाळी वाजवली. पण पाचवी-सहावी घागर आली तेव्हा सहावी बाई घागर येण्याआधीच हात पुढं करून बसलेली, आणि पुढं एका घागरीला तर तिच्या हातात घागर होती तेव्हा ती खालच्या बाईच्याही हातात होती. एक घागर दोन ठिकाणी. धर्मराजने सगळं होतं तसं परत केलं आणि भिंतीला टेकून बसला.

शूटिंगच्या वेळी सगळे कॅमेरे एका ठोक्याला जुळवायला त्याने टँकरच्या ड्रायव्हरला, धुळाजीला, भोंगा वाजवायला लावला होता. नऊही कॅमेऱ्यांत तो भोंगा ऐकू येत होता. त्या भोंग्यावर नऊ चित्रं लावली होती, आणि त्यात तसूभर फरक नव्हता. मशीन बरोबर, भोंगा बरोबर. मग चूक बारवेतच झाली असली पाहिजे.

ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्याही ध्यानात सकाळीच आली असती. धर्मराजला दुपार लागली, कारण पाचवी बाई म्हणजे त्याची आई होती, भिवराबाई, आणि सहावी त्याची चुलती, कौशल्याबाई. त्या दोघींच्या मधल्या जागेकडं बघायचं नाही, ही सवय त्याला अकरा वर्षांची होती.

अकरा वर्षांपूर्वी सोसायटीची निवडणूक लागली होती. त्याचे चुलते आसाराम एका पॅनेलमधून संचालक म्हणून उभे राहिले, आणि त्याचे वडील रामकिसन दुसऱ्या पॅनेलचा प्रचार करत फिरले. भाऊ-भाऊ असं करतात, गावाला त्यात नवल नव्हतं. आसारामकाका एका मतानं पडले. एका मतानं माणूस पडला की ते मत कुणाचं, हे शोधल्याशिवाय घरातली माणसं झोपत नाहीत. भिवराबाईच्या नावावर दोन एकर होते, म्हणून ती सभासद होती. कौशल्याबाईनं भर गल्लीत सांगितलं, ते मत माझ्या जावेनं खाल्लं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. नवल असं की दोघे भाऊ सहा महिन्यांत पुन्हा एका बाकावर चहा प्यायला लागले. रामकिसन वारले तेव्हा आसारामकाका सगळ्यात जास्त रडले. बायकांचं मात्र तिथंच राहिलं. मधली भिंत आणखी दोन हात चढली, आणि सणाची ताटं भिंतीपलीकडं जायची थांबली.

धर्मराजला हे फार लागलं होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. लहानपणी आई टायफॉइडनं दीड महिना पडून होती तेव्हा काकूनंच त्याला खाऊ घातलं होतं. काकूची भाकरी पातळ असायची आणि तिळाची चटणी जरा जास्तच तिखट. आता चौसाळ्याच्या बाजारात काकू समोरून आली की दोघांची नजर भेटायची, आणि दोघंही लगेच दुसऱ्या दुकानाकडं बघायचे. बेचाळीस वर्षांच्या माणसाला काकूची आठवण येते म्हणायची लाज वाटते. पण यायची.

मग या दोघी पायऱ्यांवर शेजारी-शेजारी कशा, तर तो गावचा रिवाज. बारवेवरची ओळ गल्लीतल्या घरांच्या क्रमानं लागते. ज्या घरानंतर जे घर, त्या बाईनंतर ती बाई. भांडण असो, सुतक असो, जागा बदलत नाही. बदलायला लागलं तर उद्या खाली कोण आणि वर कोण यावरून रोज वाद होईल. भिवराबाईचं आणि कौशल्याबाईचं घर भिंतीला भिंत. म्हणून पाचवी पायरी एकीची आणि सहावी दुसरीची.

“सर, तुमी जेवून घ्या,” धर्मराज म्हणाला. “मी आवाज ऐकून बघतो.”

प्रदर्शनात बायकांचा आवाज ठेवलेला नव्हता, नुसता पाण्याचा होता. मूळ आवाज त्याच्या लॅपटॉपमध्ये होता. त्याने कानात इअरफोनची बोंडं घातली आणि पाचव्या कॅमेऱ्याचा आवाज लावला. घागर चौथीकडून पाचवीकडं आली: बांगड्या वाजल्या. पाचवीकडून सहावीकडं जाताना आधी एक टण्ण असा आवाज आला. मग जरा शांतता. मग बांगड्या. पुढची घागर: टण्ण, शांतता, बांगड्या. स्टीलची घागर दगडावर टेकल्याचा तो आवाज होता. गहिनीनाथांनी चमकतात म्हणून सगळ्यांना स्टीलच्याच घागरी आणायला लावल्या होत्या. प्लास्टिकच्या असत्या तर हे ऐकूही आलं नसतं.

धर्मराजने बोंडं काढली. त्याची आई घागर काकूच्या हातात देत नव्हती. ती दोघींच्या मधे, पायरीच्या दगडावर टेकवत होती, आणि काकू ती तिथून उचलत होती. टेकवायची जागा नेमकी दोन कॅमेऱ्यांच्या मधे होती, म्हणून कुठल्याच चित्रात दिसत नव्हती. शूटिंगच्या वेळी धर्मराज बारवेच्या काठावर जनरेटरपाशी होता, त्याला वरून नुसते पदर दिसले होते. चौथ्या पायरीवरच्या रुक्मिणीबाईनं आणि सातवीनं ते पाहिलंच असणार. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसणार. त्या रोजच बघत होत्या.

त्याने पाचव्या चित्राचा खालचा कोपरा मोठा केला. पायरीचा दगड एवढासाच दिसत होता, पण तो ओला होता. दर वेळी टेकवताना घोटभर पाणी सांडत होतं. बाकी सगळ्या पायऱ्या कोरड्या ठणठणीत. टँकरच्या पाण्यासाठी गाव पहाटेपासून ओळीत उभं राहतं, आणि त्याची आई अबोल्यापायी घागरीमागे घोटभर पाणी दगडाला पाजत होती. उद्या बीडहून सहकार खात्याचे साहेब येणार होते, सगळं गाव येणार होतं, आणि राधाकिशनराव सहकारावर बोलणार होते.

गहिनीनाथ जेवून आले तेव्हा त्याने सांगून टाकलं. लपवायचं म्हटलं तरी लपवण्याइतकं त्राण उरलं नव्हतं.

गहिनीनाथांनी पाचव्या आणि सहाव्या पडद्याच्या मधल्या अंतराकडं पाहिलं. मग त्यांचे डोळे चमकले, ते धर्मराजला अजिबात आवडलं नाही. “मग हेच तर ठेवायला पाहिजे,” ते म्हणाले. “तो दगडाचा आवाजही घालू. नऊ बायका, सात ठिकाणी हात, आणि एका ठिकाणी दगड. याहून जास्त मी काय सांगणार?”

“सर, ती माझी माय हाय,” धर्मराज म्हणाला.

गहिनीनाथ ओशाळले. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. “बरोबर आहे. मग काय करू या?”

“कापता येतं. घागर घागर वेगळी मोजायची, जितकी थांबली तितकं मधलं काढायचं. चाळीस घागरी हायत. संध्याकाळपर्यंत होईल. मग कुणाला कळत न्हाई.”

“तसं केलं तर ते माझं चित्र राहत नाही,” गहिनीनाथ सावकाश म्हणाले. “पण तुमच्या आईची अब्रू माझ्या चित्राहून मोठी आहे. तुम्ही मोजा. आईला विचारा. त्या म्हणतील तसं करू.”

धर्मराज मोजायला बसला. पहिली घागर दगडावर दोन सेकंद थांबली होती. दुसरी पावणेदोन. सातवी दीड, अकरावी पुन्हा दोन, सतरावी एक. वहीच्या मागच्या पानावर तो आकडे लिहीत गेला. सव्विसावी सव्वा सेकंद.

सत्ताविसावी थांबलीच नाही.

त्याला वाटलं, आपली मोजणी चुकली. त्याने मागं जाऊन पुन्हा लावलं. टण्ण आवाज आला नाही. पाचव्या पडद्यावर आईनं घागर घेतली आणि ती वाकली नाही. छातीच्या उंचीवरून सरळ पुढं केली. सहाव्या पडद्यावर काकूचा हात सवयीनं खाली, दगडाकडं गेलेला होता. घागर वरून आलेली बघून तिने तो घाईनं वर घेतला, घागर कशीबशी धरली, आणि मग ती घागर तिच्याच हातात थांबली. वरच्या बाईनं हात पुढं केलेला होता, तरी काकू घागर घेऊन तशीच उभी. पूर्ण दोन सेकंद. नंतर तिने ती वर दिली. अठ्ठाविसावी घागर पुन्हा दगडावर टेकली.

धर्मराजने ते सात वेळा पाहिलं. मग लॅपटॉप बंद केला आणि घरी गेला.

भिवराबाई ओसरीत पाय लांब करून ज्वारी निवडत बसली होती. गुडघे धरल्यापासून ती मांडी घालत नव्हती. ऊन उतरलं होतं, पण भिंती अजून तापलेल्या होत्या.

“झाली का तुझी उतरंड?” तिनं विचारलं.

“माय, तू घागर काकूच्या हातात देत न्हाईस. दगडावर ठेवतीस.”

सुपातली बोटं थांबली नाहीत. “मग? अकरा वरीस झालं. आज दिसलं व्हय तुला?”

“उद्या सगळ्यायला दिसंल. पाणी सांडतंय ते बी दिसंल. म्हणून इचारतो, मी ते मधलं कापून टाकू का? सर हो म्हणलेत.”

भिवराबाईनं एक खडा उचलून अंगणात टाकला. “मी काय चोरी केली का? जे केलं ते केलं. दाव.”

“लोक हसतील.”

“हसू दे. त्यायच्या घरातलं कुणी टीव्हीत दावंना म्हणून हसतील.”

धर्मराज तिच्याजवळ बसला. आता विचारायचं नाही तर कधीच विचारता येणार नाही, असं त्याला वाटलं. “त्या टायमाला मत कुणाला दिलंतं तू?”

“आसारामभावजीला.” तिनं इतक्या सहज सांगितलं की धर्मराजला आधी ते ऐकूच आलं नाही. “घरचा माणूस सोडून मी कुणाला शिक्का मारणार व्हते? तुझ्या बापाला बी सांगितलंतं मी.”

“मग काकूला कावून सांगितलं न्हाई?”

“तिनं इचारलं कुठं?” आता मात्र बोटं थांबली. “इचारलं असतं तर सांगितलं असतं. तिनं ठरवूनच टाकलं, अन् गल्लीत वरडली. तिच्या बाळंतपणात मी तिची उशापायथ्याची राखण केली, अन् तिनं इचारलं न्हाई.”

अकरा वर्षं धर्मराजला वाटत आलं होतं की भांडण एका मताचं आहे. ते मताचं नव्हतंच.

“सत्ताविसाव्या घागरीला तू हातात दिलीस.”

“न्हाई.”

“दिलीस माय. मी सात डाव बघितलं.”

भिवराबाईनं सूप बाजूला ठेवलं आणि गुडघे चोळले. तिचा चेहरा फार थकलेला दिसत होता. “थकले व्हते,” ती म्हणाली. “दर डाव वाकायचं, ठेवायचं. कंबर गेलती. त्या एका डावाला वाकवलंच न्हाई. दुसरं काय न्हाई त्यात. तू उगं मनात काय आणू नको.”

धर्मराजने मनात आणलं होतं, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. तो उठला. रात्री त्याने काही कापलं नाही, वाढवलंही नाही. जेवून झोपला, कारण त्यालाही वाकवत नव्हतं.

सकाळी गोडाऊन भरलं. गहिनीनाथांनी नऊ बायकांसाठी पहिल्या रांगेत नऊ खुर्च्या मांडल्या होत्या, बारवेतल्या क्रमानं, आणि प्रत्येकीला हात धरून बसवलं होतं. सरांना त्यात मान वाटत होता. धर्मराजच्या ध्यानात आलं तोवर भिवराबाई पाचव्या खुर्चीवर आणि कौशल्याबाई सहाव्या खुर्चीवर बसल्याही होत्या. दोघी समोर बघत होत्या. काकूनं पदर दुसऱ्या खांद्यावरून ओढून घेतला होता, म्हणजे मधे तेवढा तरी आडोसा. धर्मराजने ऑफिसातून एक लाकडी स्टूल आणलं आणि दोन खुर्च्यांच्या मधे ठेवलं. काही द्यायचं-घ्यायचं झालं तर आईला वाकावं लागू नये आणि साहेबांसमोर तमाशाही होऊ नये, एवढाच त्याचा हिशोब. भिवराबाईनं स्टुलाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

राधाकिशनराव पाऊण तास बोलले. साठ वर्षांत सोसायटीनं गाव कसं एका धाग्यात बांधलं, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. बीडच्या साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मग दिवे बंद केले आणि नऊ पडदे लागले.

पहिली घागर खालून निघाली. लोकांना पहिल्यांदा आपापल्या बायका ओळखण्यातच मौज वाटली. मागून नावं घेतली जात होती. घागर पाचवीपर्यंत चढली, नाहीशी झाली, आणि मग सहावीच्या हातात आली. कुणाला काही वाटलं नाही. तिसऱ्या-चौथ्या घागरीला वाटायला लागलं. दहाव्या घागरीपर्यंत गोडाऊनमध्ये कुजबुज थांबली होती. गावाला आता कळलं होतं आपण काय बघतोय ते. दर वेळी घागर वर यायची, त्या दोघींच्या मधे हरवायची, आणि सगळं गोडाऊन तिची वाट बघायचं. कुणीही हसलं नाही. धर्मराज सांगाड्यामागून आईकडं बघत होता. तिचे ओठ हलत होते. ती घागरी मोजत होती.

सव्विसावी घागर दगडावर थांबून गेली. सत्ताविसावी पाचव्या पडद्यावर आली, आणि तिथून सरळ सहाव्या पडद्यावर गेली. खंड पडला नाही. मागून कुणीतरी श्वास सोडला. आणि सहाव्या पडद्यावरची कौशल्याबाई भरलेली घागर छातीशी धरून, वर द्यायची विसरून, दोन सेकंद तशीच उभी राहिली.

खुर्चीतल्या कौशल्याबाईनं मान खाली घातली.

चित्र संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तसा हॉटेलवाला सटवा चहा घेऊन आला. पहिल्या रांगेपुढं धर्मराजच्या वायरी जमिनीला चिकटवलेल्या होत्या, आणि त्यावर कुणी पाय द्यायचा नाही असं त्यानेच सकाळी सगळ्यांना बजावलं होतं. सटवा रांगेच्या टोकाला थबकला. “वायरी हायत,” तो म्हणाला. “हातोहात फिरवा बायांनो.”

पहिली कप-बशी नववीसाठी निघाली. पहिलीनं दुसरीला दिली, दुसरीनं तिसरीला, रुक्मिणीबाईनं भिवराबाईला. भिवराबाईनं ती स्टुलावर ठेवली. टक असा आवाज झाला. कौशल्याबाईनं ती उचलून पुढं दिली. दुसरी कप-बशी आली, तीही स्टुलावर टेकली आणि उचलली गेली. तिसरीही. वर पडद्यावर तेच चाललं होतं, खाली तेच. मागचं सगळं गाव आता पडद्याकडं बघत नव्हतं.

चौथी कप-बशी कौशल्याबाईची होती. भिवराबाईनं ती घेतली आणि हातात धरून बसली. स्टूल तिच्या मांडीच्या उंचीचं होतं, अगदी हाताशी. वाकायचं काहीच कारण नव्हतं. कौशल्याबाईचा हात सवयीनं स्टुलाकडं गेला होता.

भिवराबाईनं कप-बशी स्टुलावर न ठेवता सरळ पुढं केली.

“नीट धर,” ती म्हणाली. “गरम हाय.”

कौशल्याबाईनं दोन्ही हातांनी बशी धरली. “दिसतंय मला,” ती म्हणाली. तिने कप लगेच तोंडाला लावला नाही. बराच वेळ ती बशी तशीच धरून राहिली, आणि चहावर साय आली.

“पी,” भिवराबाई पडद्याकडं बघत म्हणाली. “अन् धर्मा, ह्ये स्टूल घे हितनं. गुडघ्याला लागायलंय.”

धर्मराजने वायरी ओलांडल्या आणि स्टूल उचलून बाहेर नेऊन ठेवलं.